मेट्रनबाईंचा बाबुना

सात मिनिटं किती लांब असतात, हे मला बी.एस्सी. झाल्यानंतर कळलं.

टेबलावर झाकण ठेवलेला चिनी मातीचा जग. अलीकडे मी, पलीकडे मेट्रनबाई. पदराला उलटं टाचलेलं घड्याळ दोन बोटांनी वर उचलून त्या त्याच्याकडे बघत बसत. इस्पितळातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, पण घड्याळ तसंच छातीशी लटकलेलं. मी बोलले तर चाले. झाकणाला हात लावलेला चालत नसे.

"उचलू नकोस. वाफ गेली की औषध गेलं. मग उरतं ते गवताचं पाणी."

मला सात मिनिटांनंतरही ते गवताचंच पाणी लागे. तसं मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. मला गोड बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

"बाई, यात ना दूध, ना साखर, ना चहा. मग याला चहा का म्हणायचं?"

"तू बीएस्सी ना?" त्या म्हणाल्या. "मग नावावरून वस्तू ओळखायला जाऊ नकोस. पी."

त्या दिवसापासून माझं नाव बीएस्सी पडलं. "काय गं बीएस्सी, जेवलीस का?" "बीएस्सी, नळ गेला बघ." त्यात चेष्टा होती, पण थोडा मानही होता. मला तो मान हवाच होता. आमच्या मनोरीच्या पाड्यात मी पहिली पदवीधर. बाबा होडीवर, आई सुक्या मासळीचा धंदा करायची. पदवीचा कागद आला तेव्हा बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला, कारण घरात कोरडी जागा तेवढी एकच होती.

मग बोरिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. मनोरीहून तरीनं खाडी ओलांडून मार्वे, तिथून बसनं मालाड, मग पुढे बोरिवली. भरती-ओहोटीच्या वेळा आणि शाळेची घंटा यांचा मेळ बसेना, म्हणून खोली शोधायला लागले. चार घरांतून नकार मिळाला. आधी आडनाव विचारत, मग गाव, मग जरा थांबून, "म्हणजे तुमच्यात मासे...?" मी म्हणे, "खातो. विकतोसुद्धा." की दार बंद.

पाचवं घर मेट्रनबाईंचं. बोरिवली पश्चिमेला तेव्हा बैठी घरं पुष्कळ होती, त्यांतलंच एक. पुढे ओटा, मागे न्हाणी आणि धुण्याचा दगड. बाईंनी आडनाव विचारलंच नाही. म्हणाल्या, "जीभ दाखव." मी दाखवली. मग मनगट धरलं आणि घड्याळ उचललं. "रक्त कमी आहे. पालेभाजी खात जा. खोली कधीपासून हवी?"

चार घरांचा अनुभव ताजा होता, म्हणून मीच बोलून टाकलं. "बाई, आम्ही कोळी. आई भेटायला आली की पाटी घेऊन येईल. वास येईल."

"येऊ दे. पाटी मागच्या दाराशी ठेवायची. पुढच्या दाराशी माझे पेशंट असतात."

पेशंट म्हणजे ओट्यावरचे ट्रे. इस्पितळातून भंगारात निघालेली पांढऱ्या इनॅमलची भांडी बाईंनी निवृत्त होताना मागून आणली होती. कुठे कडा उडालेली, कुठे निळी रेघ. दोन किडनी ट्रे, तीन बेसिनं, आणि एक, आता सांगायलाच हवं, चांगला ऐसपैस बेडपॅन. सगळ्यांना तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली. प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं आकडा: बेड नंबर एक ते सहा. बेडपॅनचा नंबर चार. दिवाळी झाली की या सहा बेडांवर बाई बी पेरत. ते खसखशीहूनही बारीक. मातीत पुरायचं नाही, नुसतं तळव्यानं दाबायचं. पाणी वरून घालायचं नाही. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि माती खालून पिऊन वरपर्यंत ओली होईस्तोवर थांबायचं.

त्या झाडाचं इंग्रजी नाव कॅमोमाईल. काष्ठौषधीवाला बाबुना म्हणतो. बाई बाबुनाच म्हणत. घाटावरच्या ज्या मिशन इस्पितळात बाई नर्स झाल्या, तिथल्या म्हाताऱ्या गोऱ्या मेट्रननं तो आपल्या देशाहून आणून लावला होता. ती मायदेशी परत गेली तेव्हा बाईंना एका इंजेक्शनच्या बाटलीत चिमूटभर बी देऊन गेली. तेव्हापासून दर हिवाळ्यात पेरायचं, माघात फुलं खुडायची, काही फुलं झाडावरच पिकू द्यायची आणि त्यांचं बी धरायचं. निम्मं बी पुढच्या वर्षी पेरायला, निम्मं त्या बाटलीत राखीव. असं तीस वर्षं. ती सगळी रोपं एकाच चिमटीची लेकरं.

पानं शेपूसारखी, फुलं लहान शेवंतीसारखी. मधे पिवळं, भोवती पांढरं. पाकळ्या खाली झुकायला लागल्या की खुडायचं, त्याआधी नाही. गॉजच्या कापडावर पसरून खाटेखाली सावलीत सुकवायचं. फुलं सुकत असली की त्या खोलीला सफरचंदासारखा वास यायचा. सफरचंद मी तोवर खाल्लं नव्हतं. पुढे खाल्लं तेव्हा मला मेट्रनबाईंची खाट आठवली.

रोज संध्याकाळी सहाला एक कप. पाहुण्यालाही तोच. बाईंचं म्हणणं, जन्मभर रात्रपाळ्या करून झोप मोडलीय, ती या एका कपावर उभी आहे. कप झाला की त्या दिवसापुरत्या मिटत जायच्या. साडेआठला दिवा बंद. सकाळी मी दूध आणायला उठे तेव्हा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा लख्ख असे.

गल्लीत त्यांच्याबद्दल बोललं जायचंच. शेजारच्या घरातले एक गृहस्थ, सरकारी हापिसात हेडक्लार्क, एकदा माझ्याबद्दल तक्रार घेऊन आले. आदल्या दिवशी आई पाटी घेऊन येऊन गेली होती.

"मेट्रनबाई, हे बरं नाही. सोवळ्यातली माणसं राहतात इथे. तुमच्या भाडेकरणीची आई..."

"जीभ," बाई म्हणाल्या.

"अहो, मी काय म्हणतोय..."

"जीभ दाखवा. बाहेर. आणखी. तशीच ठेवा."

जीभ बाहेर काढून माणसाला तक्रार करता येत नाही. बाईंनी नाडी धरली, मला पाणी ओतायला सांगितलं, झाकण ठेवलं आणि सात मिनिटं त्यांचं मनगट सोडलं नाही. मग कप पुढे केला. "पित्त आहे तुम्हाला. तोंडात पित्त असलं की सगळीकडे घाण वास येतो. प्या."

ते प्याले. उलट म्हणाले, "बरं वाटतंय हो." दुसऱ्या दिवशी त्यांना कुणीतरी सांगितलं की ओट्यावरचं चार नंबरचं भांडं मुळात काय होतं. त्यानंतर ते आमच्या ओट्यावर चढले नाहीत, आणि आईच्या पाटीबद्दल गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही.

अशा बाईंशी माझं पटायला हवं होतं. पटायचंही. एका गोष्टीवरून मात्र दर हिवाळ्यात वाजायचं. बाई त्या रोपांना काही घालत नसत. नुसती वाळूमिश्रित, कळाहीन माती. शेण नाही, खत नाही.

"हे भुकेवर फुलतं," त्या म्हणत. "खाऊ घातलं की पानांत रमतं. फूल विसरतं."

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. "भुकेवर काही फुलत नसतं, बाई. मी भुकेवर शिकलेय. मला विचारा."

"फुललीस की."

"भुकेमुळे नाही फुलले. भूक असूनही फुलले. पोटभर मिळालं असतं तर पहिला वर्ग आला असता."

बाई घड्याळाकडे बघत. "झाडाबद्दल बोलतेय मी."

"मीसुद्धा वनस्पतीशास्त्र घेऊनच पास झालेय."

यावर त्या झाकण उचलत. कपात ओतत.

तिसऱ्या हिवाळ्यात नागपूरहून तार आली. बाईंच्या धाकट्या भावाला अर्धांगाचा झटका आला होता. घरात करणारं कुणी नाही. पेरून पंधरा दिवस झाले होते, रोपं बोटाच्या पेराएवढी. निघायच्या दिवशी बाईंनी मला ओट्यावर बोलावलं आणि म्हणाल्या, "उभी राहा. चार्ज देते."

इस्पितळात पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणारीला एकेका खाटेपाशी नेऊन सगळं सांगते. दोघींनी उभ्यानं. बाईंनी मला तसंच सहाही ट्रेंपाशी नेलं. "बेड एक, ठीक. बेड दोन, दाट झालंय, विरळ कर. बेड चार, ऊन जास्त लागतं, दुपारी आत. पाणी सगळ्यांना खालून. खायला काही नाही. कळलं? काही नाही." मग राखीव बियांची बाटली कपाटात कुठे आहे ते दाखवलं. आणि शेवटी म्हणाल्या, "मी आले की तू मला असाच चार्ज द्यायचा. जे झालं ते सगळं. रोगी दगावला तर दगावला म्हणायचं. चार्ज देताना लपवलं की पुढच्या पाळीत माणूस मरतो. मी पाहिलंय." सुकलेल्या फुलांचा डबा त्यांनी भावासाठी सोबत नेला.

महिनाभर मी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. मग आई आली. मागच्या दारी पाटी ठेवून ओट्यावर टेकली आणि ट्रेंकडे बघत राहिली.

"अगो पोरी, ही झारां अशी मरतुकडी का गो? ही बाय त्यांना खाया नाय घालत?"

"नाही घालायचं म्हणतात."

"कोन बोलतं? आपल्या माडांना आपून काय घालतो? कुटी घालतो का नाय?"

कुटी म्हणजे सुक्या मासळीचा चुरा, विकून उरलेला, डोकी-शेपट्यांचा. आमचे माड त्यावर पोसलेले. पुढच्या खेपेला आईनं एक पुडकं आणलं. तिला दोष देत नाही. पुडकं दोन दिवस माझ्या खोलीत पडून होतं. हात माझा. डोकंही माझंच. मी म्हटलं, बाईंना वाटतं ते वाटतं, पण नत्र, स्फुरद, पालाश हे मी फळ्यावर लिहून शिकवते. मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. त्या परत येतील तेव्हा सहाही बेड फुलांनी पांढरे झालेले असतील आणि मी म्हणेन, बघा, पोटभर खाऊनसुद्धा फुलतं. खरं सांगायचं तर मला त्या रोपांची दयाही आली होती. प्रत्येक ट्रेला दोन मुठी कुटी घातली.

पंधरा दिवसांत रोपं अशी तरारली की मीच खूश झाले. हिरवीगार, घनदाट, शेपूची जुडीच जणू. गल्लीतली मांजरं येऊन माती उकरायला लागली, म्हणून मी ट्रेंवर टोपल्या पालथ्या घातल्या. पौष गेला. रोपं गुडघ्याला लागली आणि आडवी झाली. कळी नाही. मग माव्याची कीड पडली. माघ आला. सहा बेडांत मिळून चार-पाच फुलं, तीही खुजी, आणि बी धरायच्या आतच काळी पडली.

तेव्हा मी घाबरले. घाबरलेलं माणूस दुसरी चूक पहिलीहून मोठी करतं. मी कपाटातली बाटली काढली आणि राखीव बी सगळं पेरलं. या वेळी त्याच ट्रेंत वर नुसत्या मातीचा थर देऊन, न खाऊ घालता. उगवलं. पण माघ संपत आलेला, उन्हं तापायला लागलेली. होळीच्या आधीच ती कोवळी रोपं दोऱ्यासारखी सुकून मातीवर पडली. बाटली पालथी करून हातावर झटकली. काहीही पडलं नाही. तीस वर्षं जे चालत आलं होतं, ते मी तीन महिन्यांत संपवलं होतं. बी.एस्सी.

बाई होळीच्या आदल्या दिवशी आल्या. एकट्याच, एक पत्र्याची ट्रंक घेऊन. भाऊ गेला होता. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि घड्याळ बंद पडलं होतं, ते तसंच टाचलेलं. हातपाय न धुता त्या ओट्यावर उभ्या राहिल्या.

"दे चार्ज."

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते. पण समोर भावाचं करून आलेलं माणूस. आणि माझ्या मनात, लाज वाटते सांगायला, त्याहून जास्त जोरात दुसरंच काही चाललं होतं: ती चार घरं, ती बंद होणारी दारं, तरीची वेळ, शाळेची घंटा.

"यंदा थंडीच पडली नाही, बाई," मी म्हटलं. "गेली सगळी."

बाई वाकल्या. चार नंबरमधली चिमूटभर माती बोटांत घेतली, चोळली, टाकली.

"आणि बाटली?"

"तीही पेरून पाहिली. तीही गेली."

"चार्ज पूर्ण दिलास?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या संध्याकाळी सहाला त्यांनी जग काढला. त्यात नुसतं उकळतं पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. सवयीनं घड्याळ उचललं, ते बंद आहे हे पाहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. सात मिनिटांनी दोन कपांत गरम पाणी ओतलं. मी प्याले.

त्यानंतर रोज तसंच. बाईंनी त्या घाटावरच्या इस्पितळाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की बाग केव्हाच गेली, तिथे आता बाह्यरुग्ण विभागाची इमारत आहे. मी भुलेश्वरहून काष्ठौषधीवाल्याकडचा बाबुना आणला. तो इतका जुना होता की त्याला पोत्याचा वास येत होता. पेरून पाहिला, उगवला नाही. बाईंनी त्याचा चहा एकदा केला, सात मिनिटं थांबल्या, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आता मात्र खरंच गवताचं पाणी." तो त्यांनी टाकून दिला नाही. मी आणलेला म्हणून पूर्ण प्यायल्या.

सकाळी मी दूध आणायला उठे तेव्हा आता बाई आधीच ओट्यावर खुर्चीत बसलेल्या असत. अंघोळ झालेली, वेणी घातलेली. खाटेवरची चादर कालच्यासारखीच ताठ. "झोप लागली का?" असं मी विचारत नसे. विचारायचा हक्क मी घालवला होता. त्या मात्र माझं मनगट धरत. "रक्त वाढलंय तुझं." चार वर्षं मी त्या घरात राहिले त्यानंतर. चार वर्षं रोज सहा वाजता समोरासमोर बसून गरम पाणी. वर्गात मुलांना कॉपी करताना पकडलं की मी फाडफाड बोलायची. बोलता बोलता मध्येच थकून खाली बसायची. मुलांना वाटायचं, बाईंना बरं नाही.

मग माझं लग्न ठरलं. सासर भांडुपला. ट्रंक बांधून झाली. शेवटच्या संध्याकाळी बाईंनी नेहमीसारखा जग भरला, झाकण ठेवलं. मी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बसले नाही.

"बाई, चार्ज द्यायचा राहिलाय."

"खोलीचा? दिसतंय की. झाडून घेतलीयस."

"बाबुन्याचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीचे हात धरून त्या उठल्या. त्या वेळी त्यांना गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं, तरी उठल्या. पदर सारखा केला. टेबलाच्या त्या बाजूला त्या, या बाजूला मी, उभ्या.

"बोल."

"थंडी पडली होती. मी कुटी घातली. सुक्या मासळीची."

"किती?"

"प्रत्येक ट्रेला दोन मुठी."

"कधी?"

"पौषात. तुम्हाला चूक ठरवायचं होतं मला. मग फुलं नाही आली म्हणून घाबरून बाटलीतलं पेरलं. माघ संपता संपता. आणि तुम्हाला खोटं सांगितलं, खोली जाईल म्हणून."

"आणखी काही?"

"नाही. एवढंच."

बाईंनी खुर्चीच्या पाठीला हात टेकला. मग म्हणाल्या, "कुटीचं मला तेव्हाच कळलं होतं गं. मी आले त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक मांजर माझ्या ट्रेंपाशी बसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "चार वर्षं?"

"मांजराकडून चार्ज घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "तो ज्याचा त्यानंच द्यावा लागतो."

मला रडू आलं नाही. नुसतं सगळं अंग जड झालं, पाटी उतरवल्यावर आईचं व्हायचं तसं. रोपं भुकेवर फुलतात हे मी मान्य केलं होतं. माणसांबद्दल मात्र माझं मत मी तेव्हाही बदललं नव्हतं, आजही नाही. तेही मी त्यांना त्याच वेळी सांगून टाकलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "चार्ज घेतला."

आणि त्या सावकाश खुर्चीत बसल्या. मी जगाकडे हात नेला.

"झाकण उचलू नकोस," त्या म्हणाल्या. "अजून तीन मिनिटं आहेत. बस."

मी बसले.